चकतीचा आवाज

बंद पडलेली वस्तू तुला जास्त आवडते की चालू असलेली, असं बायकोने लग्नानंतर लगेचच विचारलं होतं, आणि उत्तर द्यायला मी जरा जास्तच वेळ घेतला. मी लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलीही गोष्ट कुरकुरली, अडकली, उगाच थरथरली की माझा हात आपोआप खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे जातो. घरातलं घड्याळ, इस्त्री, समोरच्या काकांचा रेडिओ, सगळं मी एकदा तरी उघडून पाहिलेलं आहे. त्यातलं बरंचसं पुन्हा जोडलंही आहे.

तेव्हा सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि स्वयंपाकघर माझ्या गळ्यात पडलं, त्याचं मला संकट वाटलं नाही. उघडून बघायला आणखी एक यंत्र मिळालं, एवढंच वाटलं.

झालं असं, की सासूबाईंना दम लागायला लागला, पाय सुजले, आणि काही दिवस त्यांना इस्पितळात काढावे लागले. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. हृदय थकलंय, म्हणाल्या. औषधं आपलं काम करतील, पण मीठ तोडा. पाकिटातलं, डब्यातलं, तयार आणलेलं काही नको. धान्य, डाळी, भाज्या, फळं घरी आणा आणि घरी शिजवा. आणि त्यांनी खाल्लं पाहिजे, वजन फार उतरलंय. पुन्हा सूज चढली तर पाणी छातीपर्यंत जाईल, आणि मग त्या घरी परत येतील असं मी तुम्हाला सांगू शकणार नाही. हे सगळं त्या इतक्या शांतपणे बोलल्या की बाहेर आल्यावर बायको बाकावर बसूनच राहिली.

बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. माझी पाळी पहाटेची, दुपारी मी घरी. म्हणजे स्वयंपाक कोण करणार या प्रश्नाला उत्तर एकच होतं, आणि ते सोफ्यावर बसून आधीच पाकिटांच्या मागचा बारीक मजकूर वाचत होतं.

त्या मजकुराने मला वेड लावलं. गोड बिस्किटात मीठ कशाला? सुपाच्या पुडीत भाजीपेक्षा मीठ जास्त, मग त्याला भाजीचं सूप का म्हणायचं? पावाच्या एका लादीत इतकी नावं, की आमच्या अख्ख्या इमारतीच्या पाट्यांवर नसतील. मी ती पाकिटं एका पिशवीत भरून समोरच्या काकांना देऊन टाकली. काका निवृत्त पोस्टमन, त्यांना कोणी काही दिलं की ते घेतात.

मग घरी हरभरे आले, अख्खे ओट्स आले, जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया, कोंड्यासकट गव्हाचं पीठ आलं. मी प्रत्येक गोष्टीच्या मागे हात धुऊन लागलो. शेंगदाणे मिक्सरमध्ये फिरवत राहिलं की आधी त्यांची भुकटी होते, मग चिकट गोळा होतो, आता काही खरं नाही असं वाटतं, आणि अचानक तो गोळा तेल सोडतो आणि लोण्यासारखा वाहायला लागतो. बाहेरून काही म्हणजे काही घालावं लागत नाही. मी ते तीनदा केलं, केवळ तो क्षण नेमका कधी येतो ते बघायला. बायको म्हणाली, "आता पुरे, आपण माणसं दोन आणि लोणी बादलीभर." मी म्हटलं, तीन माणसं. ती म्हणाली, "तिसरं माणूस खातंय कुठे?"

तेच तर होतं. सासूबाई खात नव्हत्या. भाज्यांचं दाट सूप केलं, लिंबू आणि लसूण घालून, मिठाची उणीव कळू नये म्हणून. त्या दोन चमचे घेत आणि म्हणत, "छान झालंय हो जावईबापू," आणि वाटी पुढे सरकवत. छान झालेल्या सुपाचं असं होत नाही. मऊ पदार्थ त्यांना मुळातच आवडत नसत. मऊ ते आजाऱ्याचं, असं त्यांचं मत, आणि आपण आजारी आहोत हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांना दातांखाली काहीतरी मोडायला हवं असे.

म्हणून मी चकत्यांच्या मागे लागलो. भिजवलेलं जवस असं काही बुळबुळीत होतं की तेच सगळ्याला धरून ठेवतं, हे मला कळलं आणि मी हरखून गेलो. त्यात भरडलेले ओट्स, बिया, तीळ, पीठ, थोडं तेल, मिरी. दोन कागदांमध्ये गोळा ठेवून लाटायचा, सुरीने चौकोन आखायचे आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. चौकोनी झाल्या तरी आम्ही त्यांना चकत्याच म्हणत होतो. पहिली खेप निघाली, मी ती बशीत घालून चहाबरोबर सासूबाईंपुढे ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसलो.

त्यांनी एक चकती उचलली. खाल्ली नाही. उजव्या कानाशी नेली, दोन बोटांनी मोडली, क्षणभर थांबल्या आणि दोन्ही तुकडे बशीत परत ठेवले.

"सादळलंय," म्हणाल्या.

आता इथे सासूबाईंची नोकरी सांगायला हवी. त्यांनी उभं आयुष्य एका बिस्किटांच्या कारखान्यात काढलं, तेही भट्टीच्या तोंडाशी. लांबलचक भट्टीतून बिस्किटांचे ट्रे पट्ट्यावरून बाहेर येत. प्रत्येक ट्रेमधलं एक बिस्कीट उचलायचं, कानाशी मोडायचं, आवाज ऐकायचा. आवाज कोरडा आला की ट्रे पुढे, जरा जरी दबका आला की ट्रे बाजूला. चाखायचं नाही, कारण दिवसभर चाखून जीभ बधिर होते. तिथे त्यांना सगळे कानवाल्या बाई म्हणत. मोठे साहेबसुद्धा. एकदा म्हणे त्यांनी ओळीने सगळे ट्रे बाजूला काढले, वरिष्ठांनी आरडाओरडा केला, आणि शेवटी भट्टीच्या दाराची फट सापडली. ही गोष्ट मी लग्नाच्या बोलणीपासून ऐकत आलोय आणि मला ती दर वेळी आवडते.

तर अशा बाईंनी सादळलंय म्हटल्यावर वाद कसला? मी एक तुकडा तोंडात टाकला. खरंच सादळलेली होती. मधोमध चक्क चिवट.

मला राग आला नाही, उलट अंगात उत्साह संचारला. दोष आहे, म्हणजे तो सापडणार. मी गोळा आणखी पातळ लाटला. ओव्हन सांगतो तितका तापतच नाही, असा संशय आला म्हणून आत वेगळा तापमापक ठेवला, आणि संशय खरा निघाला. चकत्या भाजून झाल्यावर मंद आचेवर, दाराला लाकडी चमच्याची फट देऊन, पुन्हा वाळवल्या. आता त्या अशा झाल्या की बशीत टाकल्या तर खणखणत होत्या.

सासूबाईंनी एक कानाशी मोडली. "सादळलंय."

मग घट्ट झाकणाचा डबा आला. डब्यात दमट हवा राहू नये म्हणून तळाशी कोरड्या तांदळाची पुरचुंडी आली. स्वयंपाकघराची खिडकी बंद राहायला लागली. मी लाटताना कागद बदलून पाहिला, बिया आधी भाजून पाहिल्या, पिठाचं प्रमाण उलटं करून पाहिलं. माझ्या हाताखाली काम करणारी पोरं विचारायला लागली की साहेब, दुपारी एवढ्या घाईने घरी काय असतं. मी म्हटलं, एक जुनाट तक्रार आहे, सुटत नाहीये.

"सादळलंय," सासूबाई म्हणायच्या. चिडून नाही, अगदी हळहळून. "तुम्ही कष्ट घेताय हो. पण सादळलंय."

मी समोरच्या काकांना चाखायला दिलं. काकांनी एक चकती चावली, थांबले, तोंडातून कवळी काढून निरखली, पुन्हा बसवली आणि म्हणाले, "दात माझे असते तर गेले होते." बायकोने दोन खाल्ल्या आणि म्हणाली, "खडखडीत आहेत रे. आणखी काय करणार?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिला खायचंच नाहीये. माझ्यावर राग आहे तिचा. मी बोलते तर ऐकूनही न ऐकल्यासारखं करते. काल दोनदा विचारलं, औषध घेतलंस का, तर खिडकीबाहेर बघत राहिली."

इकडे सासूबाईंची वेगळीच तक्रार. "तुमची बायको हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते," त्या मला म्हणाल्या. "लहानपणी अशी नव्हती. तुमचं कसं, घशातून मोकळं येतं. तिला म्हणावं, आईशी बोलायचं नसेल तर सरळ सांग." मी दोन्हीकडची मनं राखत हो हो म्हटलं. मायलेकींच्या मध्ये पडायचं नाही, एवढी अक्कल मला होती.

आणि वजन उतरतच होतं. दर तपासणीला डॉक्टरीणबाई काट्याकडे बघत, मग सासूबाईंच्या घोट्यावर बोट दाबत. बोट उचललं की तिथे खळगा राहत असे. "घरात मीठ नाही म्हणता, मग हे येतं कुठून?" त्या विचारत. मलाही तेच कुतूहल होतं.

ते कुठून येतं ते चादर बदलताना कळलं. सासूबाईंच्या गादीखाली बिस्किटांची पाकिटं होती. त्यांच्याच कारखान्याची. काकांना मी दिलेली पिशवी काकांनी त्यांना परत आणून दिली होती, आणि संपली तशी नवी आणून देत होते. काका खरंच कोणाला नाही म्हणत नाहीत.

मला संतापायला हवं होतं. संतापलोही जरासा. पण त्याच्याआधी डोक्यात दुसरंच आलं. अर्धवट खाल्लेल्या पाकिटात एकही तुकडा नव्हता, सगळी बिस्किटं अख्खी. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या, चोरी पकडल्यासारख्या नाही, ताठ.

"आई," मी विचारलं, "ही तुम्ही कानाशी मोडत नाही?"

"ती कशाला मोडायची?" त्या म्हणाल्या. "पाकिटातलं आधीच कोणीतरी ऐकलेलं असतं."

मी पाकिटं उचलली आणि त्यांच्या देखतच फडताळात कुलूपबंद केली.  त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि बायको भिंतीकडे तोंड करून झोपली.  घरात खायला इतकं काही होतं, आणि एक माणूस त्याच्या मधोमध उपाशी बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने पुन्हा चकत्यांना लागलो. सासूबाईंना म्हटलं, तुम्हीच माझ्या भट्टीच्या तोंडाशी बसा. बघा काय चुकतंय ते. त्यांना हे आवडलं. पदर खोचून त्या ओव्हनजवळ खुर्ची टाकून बसल्या, जुन्या रुबाबात. मी वेळ लावायचं छोटं यंत्र, पिवळं, लिंबाएवढं, त्यांच्या शेजारी ओट्यावर ठेवलं आणि सांगितलं, हे वाजलं की मला हाक मारा. आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला गेलो.

ते वाजायला लागलं. बारीक, टोकदार, डोक्यात शिरणारा आवाज. मी वाट बघितली, आता हाक येईल. वाजतच राहिलं. मी ओल्या हाताने आत आलो. सासूबाई यंत्राच्या शेजारी हाताची घडी घालून, ओव्हनच्या काचेकडे टक लावून बसल्या होत्या.

"वाजलं का?" मी विचारलं.

"नाही अजून," त्या म्हणाल्या. आणि मग नाक वर करून, "पण वास आला बघा जळकट. तुमचं यंत्र बिघडलंय."

यंत्र माझ्या हातात किंचाळत होतं.

मी ते बंद केलं, चकत्या बाहेर काढल्या आणि सवयीप्रमाणे यंत्र उघडायला बसलो. मागचे चार स्क्रू काढले, आत बघितलं. काही बिघडलेलं नव्हतं. आणि तेव्हा, हातात ते पिवळं झाकण असताना, मला माझ्याच धंद्यातली एक जुनी तक्रार आठवली. एका इमारतीत एक गृहस्थ रोज फोन करायचे, लिफ्ट हलते. आम्ही दोर बदलले, चाकं बदलली, रूळ तपासले. शेवटी कळलं, लिफ्ट नाही, गृहस्थच हलत होते. त्यांना चक्कर येत होती. तेव्हापासून मी माझ्या पोरांना सांगत आलोय, आधी तक्रार करणाऱ्या माणसाला भेटा, मग यंत्राला. आणि घरी मात्र मी इतके दिवस चकत्यांचे दोर बदलत होतो.

सासूबाई वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. मी बोटाच्या पेरांनी टेबलावर ठकठक केलं. "कोण आलंय बघा," त्या लगेच म्हणाल्या. मी म्हटलं, कोणी नाही. मग चमचा घेऊन काचेच्या पेल्यावर हळूच वाजवला. काही नाही. जरा जोरात वाजवला. त्यांनी पान उलटलं. मी यंत्र जोडलं, चालू केलं, त्यांच्या खुर्चीच्या मागे धरलं. ते किंचाळत राहिलं आणि त्या वाचत राहिल्या. शेवटी मी एक चकती घेतली, त्यांच्या उजव्या कानामागे नेली आणि मोडली. माझ्या कानाला तो आवाज वाळकी काटकी मोडावी तसा लागला. त्या जराही हलल्या नाहीत.

दोष सापडल्यावर मला जो आनंद होतो तो झाला, खोटं कशाला बोलू. तो पुरता होण्याआधीच मात्र मी चकतीचे तुकडे मुठीत लपवले. जाड आवाज त्यांना पोचत होते, बारीक गेले होते. भट्टीच्या त्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून हळूहळू गेले असणार, त्यांना न कळवता. माझा आवाज जाड आहे. बायकोचा बारीक. आणि आता कानवाल्या बाईंना जाऊन सांगायचं कोणी, आणि कुठल्या तोंडाने?

 बायको येईपर्यंत थांबावं असंही वाटलं. पण मायलेकींमध्ये आधीच पुरेसं झालं होतं. शेवटी मी फडताळ उघडलं, त्यांच्या कारखान्याचं एक न फोडलेलं पाकीट काढलं आणि त्यांच्यासमोर बसलो.

"आई, एक काम करा. यातलं एक मोडून दाखवा मला. चांगला आवाज कसा असतो ते तरी कळू द्या."

त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं, पण शिकवायची संधी त्या सोडत नाहीत. पाकीट फोडलं, एक बिस्कीट घेतलं, कानाशी नेलं, मोडलं.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसरं घेतलं. मोडलं. तिसरं डाव्या कानाशी मोडलं. मग पाकिटावरची तारीख बघितली.

"दुसरं फोडा," म्हणाल्या.

मी दुसरं फोडलं. मांडीवर तुकड्यांचा ढीग झाला. मी एक बिस्कीट उचलून माझ्या कानाशी मोडलं आणि त्यांनी माझा चेहरा बघितला. आयुष्यभर वरिष्ठांचे चेहरे वाचलेली बाई ती. मला बोलावं लागलंच नाही.

"तुम्हाला आला," त्या म्हणाल्या.

"आला."

त्या पदराने मांडीवरचा चुरा गोळा करत राहिल्या, एकेक कण. "आणि तुमच्या चकत्या?"

"पहिली खेप सादळलेलीच होती," मी म्हटलं. "तेव्हा तुम्ही बरोबर होता. पुढच्या कुरकुरीत होत्या."

"पहिलीही मला ऐकू आली नसणार," त्या म्हणाल्या. "उगाच बरोबर आले."

आणि मग ज्याची मी कल्पनाही केली नव्हती ते त्यांनी विचारलं. "जावईबापू, शेवटची वर्षं मी तिथे ऐकत होते, की नुसतीच मोडत होते हो?"

 ते कोणालाच कधी कळणार नव्हतं. मी त्यांचा हात धरला. जावयाने सासूचा हात धरावा अशी आमच्या घरात पद्धत नाही, पण त्यांनी तो सोडवून घेतला नाही. त्या रडल्या, आवाज न करता, आणि मीही डोळे पुसले.

संध्याकाळी बायको आली तेव्हा मी तिला जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावरच उखडली, मग पायरीवर बसली. "मी दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते," ती म्हणाली, "आणि मला वाटलं ती माझ्याशी अबोला धरून आहे." आत जाऊन ती आईच्या समोर, तोंडासमोर तोंड आणून बसली आणि जाड आवाज काढायचा प्रयत्न करत म्हणाली, "आई, औषध घेतलंस का?" तो आवाज इतका विचित्र आला की सासूबाईंना हसू फुटलं.

कानाच्या डॉक्टरांकडे जायला त्या सहजासहजी तयार झाल्या असं नाही. मला यंत्र लावून ऐकायचं नाही, म्हणाल्या. यंत्राने ऐकलेलं ते ऐकणं नव्हे. बायकोने समजावलं, मी समजावलं, काकांनीसुद्धा आपली कवळी पुराव्यादाखल काढून दाखवली. शेवटी बायको रागाने म्हणाली, "मग डोळ्यावर मी दिलेला चष्मा कशाला लावतेस?" त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि निघाल्या. तोवर त्या माझ्या भरवशावर थोडं थोडं खायला लागल्या होत्या. मी चकती त्यांच्यासमोर माझ्या कानाशी मोडायची, मान डोलवायची, मग त्या खायच्या. पण ते खाणं मन लावून नव्हतं. परक्याच्या शब्दावर किती दिवस पोट भरणार?

यंत्र बसवून आणलं त्या दिवशी घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांनी कपाळाला हात लावला. फ्रीज गुरगुरतोय, म्हणाल्या. नळ टपटपतोय. ही पिशवी कसली करकरतेय, ठेवा बाजूला. मी धावत जाऊन चकत्यांचा डबा आणला. बायको दाराला टेकून उभी राहिली.

सासूबाईंनी चकती उजव्या कानाशी नेली. हात यंत्राजवळ गेला तशी त्याने शिट्टी मारली, त्या दचकल्या. हात जरा लांब धरला. मोडली. थांबल्या. ट्रे पुढे जाणार की बाजूला, यासाठी कारखाना असाच थांबत असणार. 

"सादळलंय," त्या म्हणाल्या.

बायकोने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं सगळं. आता डॉक्टर नाही, औषध नाही, काही नाही. बिघडलेल्या यंत्राकडे जातो तसा माझा हात डब्याकडे गेला, एक चकती उचलली आणि चावली.

चकती मऊ होती. सकाळी निघायच्या घाईत मी झाकण उघडंच ठेवलं होतं. डबा दिवसभर उघडा.

मला हसू आवरेना. बायको विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि मला सांगता येत नव्हतं. मी नुसती चकती तिच्या तोंडात कोंबली. तिला चावल्यावर कळलं आणि ती हसायचं सोडून रडायलाच लागली.

"हसताय काय दोघं?" सासूबाई म्हणाल्या. "मंद आचेवर ठेवा परत, येतील ताळ्यावर. आणि झाकणाकडे लक्ष देत जा."

मी ठेवल्या, दाराला चमच्याची फट देऊन. पिवळं यंत्र वाजलं तेव्हा मी गॅलरीत होतो. "जावईबापू, तुमचं ते किंचाळतंय," आतून हाक आली. मी ट्रे बाहेर काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एक उचलली, हात अचूक अंतरावर धरला, मोडली. एक तुकडा तोंडात टाकला. दुसराही. मग बशी मांडीवर घेऊन त्या खिडकीशी जाऊन बसल्या, पाठ आमच्याकडे करून, आणि सावकाश, एकामागून एक खायला लागल्या.

बायको स्वयंपाकघराच्या आतल्या कोपऱ्यात माझ्या शेजारी उभी होती. ती माझ्या कानाशी वाकली आणि मलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू कुजबुजली, "खाल्ली रे तिने."

"खाल्ली," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "एवढं ओरडायला काय झालं?"